सर, टर्ब्युलन्स मरतोय: वाऱ्याच्या सिम्युलेशनमध्ये इनलेटचं दुखणं कसं शोधायचं

फेब्रुवारी संपत आला की मला ठरावीक फोन येतात. "सर, टर्ब्युलन्स मरतोय." कधी समोर एम.टेक.च्या शेवटच्या सत्रातलं लेकरू असतं, कधी वाळूजला सोलर स्ट्रक्चरच्या कामावर नवा लागलेला इंजिनिअर. शेड वेगळं, मेश (हवेची जागा कापून केलेल्या लहान कप्प्यांची, म्हणजे सेलची, जाळी) वेगळी, दुखणं तेच: कॉम्प्युटरवरच्या वाऱ्यातली खळबळ, म्हणजे टर्ब्युलन्स, शेडपर्यंत पोचायच्या आत विरते. छत्रपती संभाजीनगरात बसून हे इतक्यांदा दुरुस्त केलंय की फाइल उघडायच्या आधी विचारायचे प्रश्न आता पाठ झालेत. तेच इथे उतरवून ठेवतो.

नवख्यांसाठी मामला असा. नुसता सरासरी वारा हवा असेल तर आरएएनएसला (फक्त सरासरी प्रवाह सोडवणारी पद्धत) इनलेटवर, म्हणजे वारा जिथून आत शिरतो त्या दारावर, एक प्रोफाइल (उंचीप्रमाणे वेग) दिलं की भागतं. छताच्या कोपऱ्यावरचा पत्रा उचलणारं क्षणभराचं सक्शन हवं असेल तर एलईएस (मोठे भोवरे क्षणाक्षणाला सोडवणारी पद्धत) लागतं, आणि एलईएसला दारातच क्षणाक्षणाला बदलणारा, भोवऱ्यांनी भरलेला वारा द्यावा लागतो. खरा वारा कित्येक किलोमीटर रानं, बाभळी, वस्त्या घासत येतो. आपला वारा डोमेनच्या (गणितात घेतलेल्या हवेच्या पेटीच्या) दारात जन्मतो आणि शे-दीडशे मीटरवर त्याने खऱ्यासारखं वागावं अशी आपली अपेक्षा असते.

आमच्याकडे हे कालव्याच्या भाषेत लगेच कळतं. पैठणच्या गेटवर किती क्युसेक सोडलं हे टेलच्या शेतकऱ्याला सांगून काय उपयोग? त्याच्या चारीत किती आलं ते बोला. इनलेट म्हणजे गेट, शेड म्हणजे टेल. आणि रिपोर्टात ठळक छापलेला "टर्ब्युलन्स इंटेन्सिटी १८ टक्के" हा आकडा (वाऱ्याचे चढउतार सरासरी वेगाच्या किती टक्के) दहातल्या नऊ वेळा गेटवरचा असतो.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी संशय इनलेटवर घ्या.

इनलेटपाशी इंटेन्सिटी बरोबर, पण शेड जिथे बसणार तिथे ती निम्म्यावर किंवा त्याहून खाली. छतावरचा सरासरी दाब विंड टनेलच्या आकड्यांशी जुळतो, पण कोपऱ्यातली शिखरं बोथट येतात. जमिनीलगतचा वारा जसजसा पुढे जातो तसतसा वेगवान किंवा मंद होत राहतो, प्रोफाइल स्थिरावतच नाही. दाबाच्या नोंदीत सगळ्या टॅपवर (दाब नोंदवायच्या बिंदूंवर) एकाच क्षणी सारखाच झटका दिसतो, पुढच्या भिंतीवरही आणि मागच्याही. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा त्याच्या आलेखात) एक टोकदार सुळका ठरावीक वारंवारतेला उभा राहतो. किंवा लाईट गेली, रन पुन्हा चालू केला, आणि त्या क्षणापासून आलेखाची चालच बदलली.

शेवटचं लक्षण पुस्तकात सापडणार नाही, पण आमच्याकडे उन्हाळ्यात हमखास दिसतं.

आधी फुकटातले चेक: कागद-पेन्सिल आणि सेटिंगची फाइल

पहिला प्रश्न: वेग कुठला घातला? आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराचा भारतीय कोड, त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत आपल्या शहराचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. हा ३ सेकंदांच्या झोताचा वेग आहे, १० मीटर उंचीवरचा, मोकळ्या रानातला. तो सरासरी म्हणून इनलेटला घालायचा आणि वर पुन्हा टर्ब्युलन्स चढवायचा म्हणजे एकाच झोताचे पैसे दोनदा. कोडमधल्या तासाच्या सरासरीच्या सूत्राने कॅटेगरी २ (मोकळं रान) साठी १० मीटरवर गुणक सुमारे ०.६७ येतो, म्हणजे सरासरी वारा २६ च्या आसपास. झोत त्यावर टर्ब्युलन्सने स्वतः चढवायचे असतात.

दुसरा प्रश्न: सिग्मा (वेगाच्या चढउतारांचं प्रमाण विचलन) घातला की सिग्माचा वर्ग? हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता फोनवरच विचारतो. त्याच कॅटेगरी २ मध्ये १० मीटरवर इंटेन्सिटी साधारण १८ टक्के, म्हणजे सिग्मा जवळपास ४.८. रेनॉल्ड्स स्ट्रेसच्या (चढउतारांच्या गुणाकारांची सरासरी) रकान्यात त्याचा वर्ग जातो, सुमारे २३. घाईत ४.८ च टाकलं की सॉफ्टवेअर त्याचं वर्गमूळ काढतं, सिग्मा २.२ होतो आणि इंटेन्सिटी ८ टक्क्यांवर येते. पोरं मग आठवडाभर मेश बारीक करत बसतात. इनलेटच्या पहिल्याच सेलमध्ये इंटेन्सिटी मोजा. तिथेच ८ असेल तर टर्ब्युलन्स मेलेला नाही, तो जन्मलाच नव्हता.

तिसरा: शून्य उंची कुठे आहे? भूभागाचा नकाशा उतरवून मेश बनवली की जमीन समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर बसते. आपलं शहर ५७० मीटरच्या आसपास आहे. प्रोफाइलचं सूत्र मात्र बिचारं शून्यापासून मोजतं. लॉग प्रोफाइलमध्ये ५७० आणि ५८० मीटरमधला फरक नगण्य, त्यामुळे जमिनीपासून छतापर्यंत एकसारखा, सपाट वारा शिरतो. चित्रात हे डोळ्याला दिसत नाही, सगळं छान रंगीत असतं. इनलेटवर उभी रेघ मारून वेग वाचा, दोन मिनिटांत उघडं पडतं.

चौथा चेक एका ओळीचा आहे, पण त्याने सगळ्यात जास्त केसेस सुटतात: मोमेंटमची कन्व्हेक्शन स्कीम (वारा वेग पुढे वाहून नेतो ते मोजायची रीत) कोणती? आरएएनएसच्या जुन्या केसवरून फोल्डर कॉपी केलेलं असतं आणि त्यात अपविंड तशीच राहते. पहिल्या दर्जाची अपविंड स्कीम म्हणजे वाऱ्यात काकवी ओतल्यासारखं आहे, लहान भोवरे काही सेलच्या आत विरून जातात. एलईएसला मध्यवर्ती, म्हणजे लिनिअर स्कीम लागते. ती डळमळत असेल तर ओपनफोममध्ये (फुकट मिळणारं प्रवाहाचं सॉफ्टवेअर) लस्ट सारखी मिश्र स्कीम घ्या. सोबत कूरांट नंबर (एका टाइम-स्टेपमध्ये वारा किती सेल ओलांडतो) एकच्या खाली आहे ना ते पाहा. इनलेटचा डेटा फाइलमधून वाचत असाल तर त्या फाइलचं वेळेचं अंतर रनच्या टाइम-स्टेपच्या किती पट आहे तेही बघा. दोन नोंदींच्या मधलं सॉफ्टवेअर सरळ रेषेने भरतं, आणि सरळ रेषेत झोत नसतो.

आता लाईटचं. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरलेला असेल तर रन पुन्हा चालू झाल्यावर तोच वारा पहिल्यापासून वाहू लागतो. एकच बी दोनदा पेरलं तर पीकही तेच येणार. तुम्ही वीस मिनिटांचा डेटा समजून आकडेमोड करता, हातात असतो दहा मिनिटांचाच, दोनदा. सीडची अवस्था फाइलमध्ये साठवा. ते जमत नसेल तर दर रीस्टार्टला सीड बदला आणि त्यानंतर वारा डोमेनमधून निदान दोन वेळा आरपार जाईपर्यंतचा डेटा टाकून द्या.

रिकामं डोमेन

इथवर सापडलं नाही तर शेड काढून टाका.

हे सांगितलं की समोरचा गप्प होतो. मशीन आधीच तीन दिवस गुंतलेलं, त्यात रिकाम्या रानाचा रन कोण लावणार! मीही पूर्वी लावत नव्हतो. जालन्याकडच्या एका जिनिंगच्या छतावर सोलर बसवायचे होते, त्याचे दाब मी काढून दिले. स्ट्रक्चरल इंजिनिअर जुना माणूस. आलेख हातात धरून म्हणाला, "साहेब, हा वारा कुठला? आमच्याकडं इतका गरीब वारा येत नाही." शेड काढून रन लावला. इनलेटला १८, शेडच्या जागी ७. अकरा दिवसांची गणना पाण्यात गेली, आणि माझा चुकीचा रिपोर्ट छापला जाण्यापासून वाचला तो त्या माणसाच्या नजरेमुळे.

तर रिकाम्या डोमेनमध्ये तीन उभ्या रेघा: इनलेटपाशी, अर्ध्या वाटेवर, शेडच्या जागी. प्रत्येकीवर सरासरी वेग, तिन्ही दिशांचे सिग्मा, आणि वाऱ्याच्या दिशेतल्या आणि उभ्या वेगाच्या चढउतारांचा सरासरी गुणाकार, म्हणजे शिअर स्ट्रेस. निदान दहा मिनिटांचा वारा नोंदवा. तीन रेघा एकमेकींवर बसल्या तर इनलेट निर्दोष, दोष दुसरीकडे. कशा विस्कटतात यावरून पुढची वाट ठरते. सिग्मा उतरतात पण सरासरी टिकते, तर मेश किंवा वारा बनवायची पद्धत. सरासरीच जमिनीलगत सरकते, तर जमिनीचा खरखरीतपणा. शिअर स्ट्रेस इनलेटला शून्य असून पुढे हळूहळू उगवतो, तर तुमच्या वाऱ्याला नुसती खळबळ आहे, घडण नाही.

मेश आणि डोमेनची रुंदी

भोवरा जगायला त्याच्या अंगाएवढी जागा लागते आणि त्या जागेत पुरेसे सेल लागतात. माझा अंदाज आठ ते दहा सेलचा. इनलेटपाशी ४ मीटरचे सेल असतील तर ३२ मीटरपेक्षा लहान भोवरे धड टिकत नाहीत. २५ च्या वाऱ्यात हे दर सेकंदाला एका झोताच्याही खाली येतं. ८ मीटर उंच शेडच्या कोपऱ्याला जे झोंबतं ते नेमकं याहून लहान असतं. पोरं शेडभोवती मेश अर्ध्या मीटरपर्यंत बारीक करतात आणि इनलेट ते शेड हा पट्टा जाडाभरडाच ठेवतात. म्हणजे टेलची चारी सिमेंटची पक्की, आणि वरचा कालवा फुटका. बारीक पट्टा इनलेटपासून शेडपर्यंत सलग न्या, शेडच्या उंचीच्या दोन-तीन पट उंच.

रुंदीची गोष्ट जास्त फसवी आहे. सगळीकडे नियम सापडतो: शेडच्या दोन्ही बाजूंना उंचीच्या ५ पट, वर ५ पट, मागे १५ पट. उंच इमारतीला हे चालून जातं. आपलं शेड ८ मीटर उंच, म्हणजे बाजूला ४०-४० मीटर, ३० मीटरचं शेड धरून रुंदी ११०. आता आयएस कोडमध्ये भोवऱ्यांच्या लांबीचं सूत्र पाहा: १० मीटर उंचीला ८५ मीटर. ८५ मीटरच्या भोवऱ्याला ११० मीटरची खोली! तो बाजूच्या भिंतींना घासतो, आणि जे मोठे संथ झोत छताचा सरासरी भार वर-खाली करतात तेच नाहीसे होतात. बुटक्या शेडसाठी डोमेनची रुंदी उंचीवरून ठरवू नका, भोवऱ्याच्या लांबीवरून ठरवा. सेल वाढतील, पण दूरच्या बाजूला ते मोठे ठेवता येतात.

खोटा वारा बनवायची पद्धत

अजूनही काही लोक प्रत्येक सेलला प्रत्येक क्षणी स्वतंत्र यादृच्छिक आकडा देतात आणि त्याला टर्ब्युलन्स म्हणतात. शेजारच्या सेलशी नातं नाही, मागच्या क्षणाशी नातं नाही. त्यातली सगळी ऊर्जा सेलच्या आकाराच्या बारीक थरथरीत असते आणि पहिल्या काही सेलमध्येच मेश ती गिळते. खऱ्या वाऱ्यात मोठे भोवरे ऊर्जा बाळगतात, ती लहानांकडे झिरपते, शेवटी उष्णता होते. वरची पायरीच नसेल तर झिरपणार काय?

म्हणून आकड्यांना नाती लावून देणाऱ्या पद्धती आल्या. क्लाइन, सादिकी आणि यानिका यांचा २००३ चा डिजिटल फिल्टर यादृच्छिक आकड्यांवर चाळणी फिरवून त्यांना ठरलेली लांबी देतो. जारिन आणि सहकाऱ्यांची २००६ ची सिंथेटिक एडी पद्धत दारात बनावट भोवरे सोडते आणि ते सरासरी वाऱ्यासोबत आत वाहत येतात. पोलेटो, क्राफ्ट आणि रेव्हेल यांनी २०१३ मध्ये तीच पद्धत अशी सुधारली की आत येणाऱ्या वाऱ्याचा डायव्हर्जन्स शून्य राहावा, म्हणजे जितकी हवा आत तितकीच बाहेर. ओपनफोमच्या नव्या आवृत्त्यांत डिजिटल फिल्टर आणि ही सुधारलेली एडी पद्धत, दोन्ही तयार मिळतात. फुकटात असताना स्वतःची स्क्रिप्ट लिहायचा हट्ट करू नका. मी केला होता.

कुठलीही वापरा, तीन गोष्टी स्वतः द्या. सॉफ्टवेअरच्या ठोकळ आकड्यावर सोडू नका. पहिली, तिन्ही दिशांचे सिग्मा वेगवेगळे: वाऱ्याच्या दिशेत १ धरला तर आडवा ०.८, उभा ०.५ च्या आसपास. तिन्ही सारखे दिले की उभी खळबळ फाजील होते आणि जमीन ती लगेच दाबते. दुसरी, उणा शिअर स्ट्रेस. आपल्या उदाहरणात घर्षणवेग (जमिनीच्या घर्षणाचं वेगातलं माप) १.७ च्या आसपास येतो, त्याचा वर्ग २.८, तो आकडा उण्या चिन्हाने जायला हवा. खरा वारा वरून खाली येताना वेग घेऊन येतो आणि खालून वर जाताना मंदपणा घेऊन जातो, ते नातं याच आकड्यात आहे. तो शून्य दिला तर जमिनीजवळचा टर्ब्युलन्स पोसणारा कुणी उरत नाही. तिसरी, भोवऱ्यांची लांबी उंचीप्रमाणे बदलणारी.

बीड-धाराशिवकडच्या पवनचक्क्यांवर काम केलेली मंडळी कधी टर्बसिमची फाइल उचलून इनलेटला लावतात. टर्बसिम पवनचक्कीच्या भाराच्या गणितासाठी बनवलंय, तिथे ते उत्तम आहे. पण त्याचा वारा डायव्हर्जन्सचा नियम पाळत नाही. त्यातून पुढचं दुखणं उगवतं.

सगळ्या टॅपवर एकाच वेळी झटका

अदाबनीय (घनता न बदलणाऱ्या) प्रवाहाचं गणित सोडवणाऱ्या सॉल्व्हरला प्रत्येक सेलमध्ये जितकं आत तितकं बाहेर हवं असतं. इनलेटचा वारा हे पाळत नसेल किंवा दर क्षणी दारातून येणारी एकूण हवा कमी-जास्त होत असेल, तर सॉल्व्हर हिशोब दाबाने भागवतो. त्या गणितात आवाजाचा वेग अनंत असल्यासारखं असतं, त्यामुळे झटका त्याच क्षणी सगळ्या डोमेनभर पसरतो.

ओळखायची सोपी युक्ती: शेडपासून दूर, वर मोकळ्या हवेत एक दाबाचा बिंदू ठेवा. छतावरचा झटका तिथेही त्याच क्षणी, तेवढाच दिसला तर तो वाऱ्याचा नाही, दाराचा आहे. उपाय म्हणजे दर टाइम-स्टेपला इनलेटचा एकूण प्रवाह मोजून सगळे वेग त्याच प्रमाणात ताळ्यावर आणायचे. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर किम, कॅस्ट्रो आणि शी यांनी २०१३ मध्ये दाखवलेली वाट आहे: टर्ब्युलन्स थेट दारात न घालता थोडं आत, एका उभ्या पातळीवर घालायचा. हा झटका गाळणीने पुसून टाकायचा मोह होतो. पुसू नका, शिखर दाब त्याच्याबरोबर पुसले जातात.

स्पेक्ट्रममधल्या ठरावीक वारंवारतेच्या सुळक्याचा हिशोब सोपा आहे. १ किलोमीटर लांबीचा, आधीच बनवून ठेवलेल्या टर्ब्युलन्सचा ठोकळा २५ च्या वाऱ्याने फिरवत असाल तर तो ४० सेकंदांनी परत येतो. दहा मिनिटांना १५ किलोमीटरचा ठोकळा लागेल.

जमीन

इनलेटचं प्रोफाइल एका खरखरीतपणाचं आणि डोमेनची जमीन दुसऱ्या खरखरीतपणाची असेल तर वारा वाटेत नवं प्रोफाइल बनवू लागतो. कोडमध्ये खरखरीतपणाची लांबी कॅटेगरी २ ला ०.०२ मीटर आणि ३ ला ०.२ मीटर आहे. आपल्याकडे एकच रान वर्षात दोन्ही होतं: एप्रिल-मे मध्ये नांगरून पडलेली काळी जमीन, दिवाळीच्या सुमाराला तिथेच डोक्याच्या वर गेलेला ऊस. डिझाइन कोणत्या ऋतूतल्या वाऱ्यासाठी आहे ते आधी ठरवा.

इथे एक सापळा आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये वाळूच्या कणाच्या उंचीचा खरखरीतपणा मागतात, आणि तो वरच्या लांबीच्या २० ते ३० पट असतो. ०.२ ला ते होतात ४ ते ६ मीटर, आणि पहिल्या सेलचा मध्य त्याच्यावर ठेवावा लागतो. ८ मीटरच्या शेडला पहिलाच सेल १० मीटरचा! अशा वेळी खरखरीतपणाची लांबी थेट घेणारं वातावरणीय वॉल फंक्शन (जमिनीलगतच्या सेलसाठीचं सूत्र) वापरा किंवा वाटेत ठोकळे मांडून खरखरीतपणा प्रत्यक्ष उभा करा.

सगळ्यात महाग इलाज

वरचं सगळं करूनही रेघा जुळल्या नाहीत तर प्रिकर्सर: वेगळ्या लांब डोमेनमध्ये, पुढचं तोंड मागच्याला जोडून, जमिनीवर ठोकळे मांडून वारा तासन्‌तास फिरवायचा आणि तयार झालेला मुख्य रनच्या दारात ओतायचा. लुंड, वू आणि स्क्वायर्स यांनी १९९८ मध्ये बाहेर जाणारा वारा मापात बसवून परत दारात आणायची पद्धत दिली, तिचंच हे भावंड. यातला वारा सॉल्व्हरनेच बनवलेला असतो, म्हणून तो शेडपर्यंत टिकतो. किंमत मात्र मुख्य रनएवढी, कधी दुप्पट. प्रोजेक्टला एक महिना उरला असेल तर या वाटेला जाऊ नका.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

आकडे खऱ्या छताच्या ड्रॉइंगवर जाणार असतील तर तुमची सही त्याखाली नको. ते विंड इंजिनिअरिंग जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाऊ द्या. कोडमध्ये न बसणारा आकार असेल तर विंड टनेल. आयआयटी रुरकी आणि चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसीकडे सीमास्तराचा (जमिनीलगतच्या थराचा) वारा बनवणारे टनेल आहेत, आयआयटी कानपूरला राष्ट्रीय विंड टनेल सुविधा आहे.

जागा बालाघाटाच्या कड्यावर असेल, पाटोदा, भूम, वाशीकडे, तर सपाट रानाचं कुठलंच प्रोफाइल लागू होत नाही. तिथे मास्ट (मोजणीचा मनोरा) उभारून मोजलेला वारा हवा, तोवर इनलेटशी झटापट करू नका.

आणि वळीव. मे महिन्यात पत्रे उडवणारा वारा बऱ्याचदा ढगातून कोसळून जमिनीवर पसरलेला असतो. त्याचा सर्वात जास्त वेग जमिनीपासून काही दशक मीटरवर असतो, वर तो कमी होतो, आणि खेळ काही मिनिटांत आटोपतो. या पोस्टमधली एकही पद्धत त्याला लागू नाही. क्लायंट म्हणाला "मागच्या वळवात उडालं तसं दाखवा", तर हात जोडून नाही म्हणा आणि त्या विषयातल्या माणसाचं नाव द्या.

मला फोन करणार असाल तर शेडची रंगीत चित्रं पाठवू नका. रिकाम्या डोमेनच्या त्या तीन रेघा आणि इनलेटची फाइल पाठवा, आणि रन चालू असताना लाईट किती वेळा गेली तेही लिहा.